अनुभव आणि मतपरिवर्तन

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात येवला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा नेहमीप्रमाणे गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, शिक्षणाचे महत्त्व सांगावे आणि खाली बसावे, असाच आमचा बेत होता. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. १९७४ साली ती परीक्षा पदरात पडली, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि जिल्ह्यातील खेडोपाडी मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात सारी उमर गेली. विद्वत्तेचा आव आणावा असे आमच्यापाशी काही नाही. परंतु मध्यंतरी एक लहानशी गोष्ट घडली आणि तिनेच आजचा विषय आमच्या हाती दिला.

सुमारे दोन महिन्यांपूर्वी आपल्या साळी समाजातील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्या घरी आली. जुन्या स्मरणिका चाळून समाजाच्या कार्याची टिपणे काढण्याचे काम तिने अंगावर घेतले आहे. तिच्या हाती १९८२ सालची स्मरणिका होती आणि तीत आमचा ‘गुणवत्ता आणि सवलती’ या मथळ्याचा लेख होता. शाळा-कॉलेजांत व नोकऱ्यांत काही जातींस राखीव जागा देणे हा गुणवान मुलांवर अन्याय आहे, असे आम्ही त्यात मोठ्या आवेशाने प्रतिपादिले होते. त्या वेळी पुष्कळांनी पाठ थोपटली होती, हेही आम्हांस स्मरते. मुलीने लेख पुढे ठेवला आणि विचारले, “गुरुजी, हा लेख तुमचाच ना? मग गेल्या ऑक्टोबरात मुक्तिभूमीवरून परतताना तुम्ही आम्हां मुलांना जे सांगितलेत, ते याच्या अगदी उलट कसे? या दोहोंतले खरे गुरुजी कोणते?”

तिच्या विचारण्यात उद्धटपणा यत्किंचितही नव्हता. तथापि आम्ही निरुत्तर झालो. चहा निवून गेला, मुलगी नमस्कार करून निघून गेली, परंतु प्रश्न मात्र घरातच राहिला. आजचे हे व्याख्यान म्हणजे तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय. ज्या स्मरणिकेत तो लेख छापला गेला, तिच्याच पानांतून हे उत्तर यावे हे न्यायाचे आहे.

आणखीही एक कारण आहे. अलीकडे निवडणुका जवळ आल्या की आपल्या घराघरांतून तट पडतात. एका भिंतीच्या दोन बाजूंस राहणारे सख्खे भाऊ परस्परांच्या घरच्या मंगलकार्यास जात नाहीत, अशी उदाहरणे आपणा सर्वांच्या पाहण्यात आहेत. बापाने मत बदलले तर मुलगा म्हणतो, “दादा आता थकले.” मुलाने बदलले तर बाप म्हणतो, “पोर कुणाच्या तरी नादी लागले.” माणसाचे राजकीय मत प्रामाणिकपणेही बदलू शकते, यावर जणू कोणाचा विश्वासच उरलेला नाही. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करू. कोणत्याही पक्षाची तरफदारी आम्हांस करावयाची नाही, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

मत बदलणे आणि बाजू बदलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. १९६७ साली हरियाणा राज्यात गयालाल नावाच्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द सर्व देशाच्या तोंडी झाला. पुढे हा रोग इतका बळावला की, १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरास आळा घालण्याचा कायदा करावा लागला. अशा माणसाचे मत बदललेले नसते, कारण मुळात त्याला मतच नसते. वारा वाहील तशी पाठ देणाऱ्यास अनुभवाची काय गरज? याच्या उलट दुसऱ्या टोकास पालथ्या घड्यासारखी माणसे असतात. त्यांच्यावर कितीही पाणी पडो, आत थेंब जावयाचा नाही. आणि वयाच्या विसाव्या वर्षी जे बोललो तेच सत्तराव्या वर्षी बोलतो, याचाच त्यांना अभिमान असतो. या दोहोंच्या मधला मार्ग अवघड आहे. तो कसा चालावा, याचे सर्वांत मोठे उदाहरण शोधावयास आपणांस दूर जावयास नको. ते आपल्या याच येवल्याच्या भूमीवर घडले.

दिनांक १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे मुंबई इलाख्यातील दलित वर्गाची परिषद भरली होती. सुमारे १०,००० लोक जमले होते, असे सांगतात. त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मास आलो ही गोष्ट आपल्या स्वाधीनची नव्हती, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही. ती परिषद भरली त्या जागेस आज मुक्तिभूमी म्हणतात आणि दर वर्षी त्या तिथीस तेथे लोक जमतात. आपण येवलेकर ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या एका वाक्यामागे किती वर्षांचा अनुभव उभा होता, याचा विचार आपण क्वचितच करतो.

बाबासाहेब आरंभापासून या मताचे होते काय? मुळीच नव्हे. १९२३ साली रावबहादुर सी. के. बोले यांच्या ठरावावरून मुंबईच्या कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचे ठरविले. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले केल्याचे कागदोपत्री मान्य केले. परंतु कागदावर खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कोणास घेता येईना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह महाडच्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याबद्दल परिषदेच्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. इतके होऊनही बाबासाहेबांची भूमिका हिंदू समाजात राहून समानता मिळविण्याचीच होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तोही याच आशेने. ज्या घराचे दार ठोठवावयाचे, ते घर आपलेच आहे असे मानणारा मनुष्यच दार ठोठावतो. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले, मंदिराचे दरवाजे बंद राहिले. वर्षामागून वर्षे गेली; दार उघडले नाही.

या काळात त्यांच्या स्वतःच्या वाट्यास काय येत होते तेही पाहा. १९२९ साली सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद म्हणून ते चौकशीच्या कामास निघाले असता आपल्या शेजारच्या चाळीसगावी उतरले. बॅरिस्टर आणि कायदे कौन्सिलचे सभासद असलेल्या या गृहस्थाचा टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यापैकीच एकाच्या हाती लगाम दिला. वाटेतील मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. ते त्या वेळी निजामाचे राज्य होते. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय धुतले, तेवढ्यावरून हौद बाटविला असा गिल्ला झाला. अखेर कोठेही पाण्यास हात लागू नये यासाठी एक शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. नाशिक, चाळीसगाव, दौलताबाद ही सारी आपल्या येवल्याच्या आसपासची ठिकाणे. दौलताबादचा प्रसंग आणि येवल्याची घोषणा यांमध्ये जेमतेम वर्षा-दीड वर्षाचे अंतर आहे.

तेव्हा येवल्याची घोषणा ही रागाच्या भरात काढलेली वाणी नव्हती. महाडपासून मोजले तर आठ वर्षांचा आणि स्वतःच्या शालेय वयापासून मोजले तर जवळजवळ चाळीस वर्षांचा तो हिशेब होता. याच परिषदेत नाशिकचा सत्याग्रह थांबविण्याचाही निर्णय झाला. आणि घोषणेनंतरही त्यांनी घाई केली नाही. निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला, आपल्या लोकांशी विचारविनिमय केला आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. राजकारणातही असेच दिसते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ मागितले होते. गोलमेज परिषदेच्या वेळी ते स्वतंत्र मतदारसंघांपर्यंत आले, आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात पुन्हा राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ त्यांना स्वीकारावे लागले. मार्ग अनेकदा बदलले. परंतु आपल्या माणसांस माणूस म्हणून जगता यावे, हे उद्दिष्ट एकदाही बदलले नाही.

आमचे वडील त्या वेळी नऊ वर्षांचे होते. आजोबांनी मुलांना त्या दिवशी गल्लीबाहेर जाऊ दिले नव्हते. तरी वडील भिंतीवर चढून पाहत होते. फडक्यात भाकरी बांधून, पायी चालत, धुळीने भरलेली माणसे दिवसभर जात होती, एवढेच त्यांना आठवत असे. परिषदेत काय झाले ते दुसऱ्या दिवशी गल्लीत कळले. कोणी हसले, कोणी संतापले. आजोबा मागावर बसता बसता एवढेच म्हणाले, “सूत फार ताणले, म्हणून तुटले.” आजोबा शाळेत गेलेले नव्हते. परंतु सूत का तुटते हे विणकरास कोणी शिकवावे लागत नाही. तुटल्याचा दोष त्यांनी सुताला दिला नाही, हे वडील आम्हांस वारंवार सांगत. आम्ही ते ऐकत होतो आणि तरीही १९८२ चा तो लेख लिहिला.

बाबासाहेबांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे आपल्याच जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचे. काळाराम सत्याग्रहाची धुरा नाशिकात त्यांनी वाहिली. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५९ साली व पुन्हा १९६४ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. देवळाच्या दारापाशी ज्याने उमेदीची वर्षे घालविली, तोच पुढारी पुढे पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी हजारोंस घेऊन तुरुंगात गेला. मानापमानाच्या प्रश्नाच्या मुळाशी पोटाचा प्रश्नही आहे, हे त्यांस अनुभवाने दाखविले.

आता उलट बाजूचे एक उदाहरण घेऊ. बाबासाहेबांनी सोसले म्हणून ते बदलले. परंतु ज्यांना सोसावे लागत नाही, अशा उच्चासनावरील माणसाचे काय? कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या प्रसंगी पंचगंगेवर त्यांच्या असे ध्यानी आले की, आपला पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, कारण त्याच्या मते छत्रपतींनाही वेदोक्ताचा अधिकार नाही. पुढे हे प्रकरण अनेक वर्षे गाजले. राजा असूनही आपली ही अवस्था, मग रयतेची काय असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असल्यास नवल नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे १९२० साली माणगावच्या परिषदेत येऊन त्यांनी तरुण आंबेडकरांची पुढारी म्हणून शिफारस केली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्याला बसलेल्या चटक्यावरून त्यांनी दुसऱ्याच्या जळण्याची कल्पना केली. पुष्कळांना चटका बसतो, परंतु ते फक्त आपल्याच हातावर फुंकर घालीत बसतात.

तिसरे उदाहरण संमिश्र आहे आणि म्हणूनच उपयोगाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत न उतरता पंडित नेहरूंच्या नेतृत्वामागे उभे राहिल्याबद्दल त्यांच्यावर मराठी मुलखात विलक्षण टीका झाली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी पंडितजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले असता प्रचंड निदर्शने झाली. हा अनुभव घेऊन यशवंतरावांनी दिल्लीतील श्रेष्ठींस वस्तुस्थिती पटवून देण्याचे काम केले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश त्यांच्याच हस्ते आला. १९६३ साली याच यशवंतरावांना नाशिक मतदारसंघाने लोकसभेवर बिनविरोध पाठविले. यात लोकमताचा आदर किती आणि सत्तेची गरज किती, यावर वडीलधारी मंडळी आमच्या ओट्यावर रात्र रात्र वाद घालीत. आमच्या मते दोन्ही होते. सामान्य संसारी माणसाचे मतपरिवर्तनही बहुधा असेच मिश्र असते. म्हणून दुसऱ्याचे मत बदललेले पाहून त्याच्या हेतूवर एकदम शिक्का मारू नये. आणि आपले बदलले असता आपला हेतू सर्वस्वी शुद्ध आहे, असेही समजू नये.

येथवर थोरांच्या गोष्टी झाल्या. आता आमची स्वतःची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. दलितांची घरे जाळली गेली. आमच्या तालुक्याची हद्द ओलांडली की वैजापूर, म्हणजे मराठवाडाच. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीस लागलेले विशी-बाविशीचे तरुण होतो. नाव बदलल्याने कोणाचे पोट भरणार आहे, असा सवाल आम्ही चार मित्रांत मोठ्या शहाणपणाने टाकीत असू. जळालेल्या घरांविषयी मात्र आमच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. त्याच मनःस्थितीत चार वर्षांनी तो लेख लिहिला गेला.

लेखानंतर दोन वर्षांनी, १९८४ साली, आम्ही एका लहान खेड्यातील शाळेवर होतो. मार्चचा महिना होता. शाळेच्या ओसरीवर पाण्याचा रांजण असे आणि त्यावर ओगराळे ठेवलेले असे. मधल्या सुट्टीत मुले हुंदडावयास गेली होती. चौथीतला एक मुलगा रांजणापासून तीनचार हात दूर, भर उन्हात उभा होता. गणितात तो वर्गात पहिला असे. आम्ही विचारले, “काय रे, उभा का? पाणी प्यावयाचे तर पी.” तो म्हणाला, “गुरुजी, वाढायला कुणी नाही.”

आम्ही त्या शाळेत दोन वर्षे होतो. म्हणजे दोन वर्षे तो मुलगा आणि त्याच्या वस्तीतील इतर मुले आमच्या डोळ्यांदेखत ओंजळ पुढे करून, दुसऱ्या कोणी वरून ओतलेले पाणी पीत होती. आणि आम्ही ते पाहत असूनही पाहिले नव्हते. आम्ही ओगराळे उचलून त्याच्या हाती देऊ लागलो. त्याने हात मागे घेतला. आमच्या तोंडाकडे पाहिले. आपण हे घेतले तर गुरुजी मारतील की काय, अशी भीती त्याच्या डोळ्यांत होती. आमची आमच्याविषयी जी काही चांगली समजूत होती, ती त्या क्षणी गळून पडली. ज्याला घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याची सवड पाहावी लागते, त्याच्याशी आम्ही लेखात गुणवत्तेची शर्यत लावली होती. शर्यतीची रेघ सर्वांसाठी एकच आहे असे आम्ही लिहिले होते आणि तो तर रांजणापर्यंतही पोहोचला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलाने आपल्या हाताने पाणी घ्यावे, असे आम्ही सांगितले. गावातील काही वजनदार मंडळी जाब विचारावयास आली. काही पालकांनी मुलांबरोबर घरून तांबे पाठविण्यास सुरुवात केली. पुढील वर्षी आमची बदली झाली. ती याच कारणाने झाली असे आम्ही म्हणत नाही, कारण बदल्या सर्वांच्याच होत असतात. यात आम्ही काही शौर्य केले, असा कोणी समज करून घेऊ नये. दोन वर्षे आंधळे राहिल्यानंतर डोळे उघडले, एवढेच.

याहून लाजिरवाणा भाग पुढचा आहे. १९९० साली केंद्र सरकारने मंडल आयोगाची शिफारस स्वीकारल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नोकऱ्यांतील इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के राखीव जागांस मान्यता दिली, आणि विणकर जातींची नावेही सवलतींच्या यादीत दिसू लागली. काही वर्षांनी चिरंजीवांच्या जातीच्या दाखल्यासाठी आम्ही कचेरीच्या रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे आपल्याच समाजातील एक वडील गृहस्थ उभे होते. १९८२ च्या लेखाबद्दल त्यांनी घरी येऊन आमचे अभिनंदन केले होते. दोघांची दृष्टादृष्ट झाली. दोघांनीही आज ऊन फार आहे, असे म्हटले आणि तोंडे फिरविली. त्यानंतर समाजाच्या बैठकांतून सवलतींच्या विरुद्ध भाषणे बंद झाली. मंडळी, त्या दिवशी आमचे मत बदलले असे कोणी म्हणाल, तर आम्ही नम्रपणे सांगू की ते मतपरिवर्तन नव्हे. ती सोय होती. आमचे मत बदलले होते ते त्या रांजणापाशी. परंतु ते उघडपणे सांगण्याचे धैर्य आम्हांस इतकी वर्षे झाले नाही. आपल्या माणसांत वाईट दिसू, ही भीती आड आली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हाही आम्ही घरात पेढा वाटला, परंतु स्मरणिकेत चार ओळी लिहिल्या नाहीत.

या सर्वांवरून काही कसोट्या आमच्या मनात तयार झाल्या आहेत. शिक्षकाच्या सवयीने त्या क्रमाने सांगतो.

पहिली कसोटी अशी की, मत बदलल्याने आपणांस लाभ झाला की तोशीस लागली, हे पाहावे. लाभ झाला म्हणून मत खोटेच, असे नाही. परंतु तेथे स्वतःची उलटतपासणी दुप्पट कठोरपणे करावी.

दुसरी कसोटी उद्दिष्टाची. आपण पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेले लोक आहोत. ताणा एकदा मागावर चढला की तो बदलत नाही. बाणा मात्र नक्षीप्रमाणे, पदराप्रमाणे बदलत जातो. न्याय, दया, सत्य हा आपला ताणा; पक्ष, धोरणे आणि मते हा बाणा. बाणा बदलला म्हणून वस्त्र बिघडत नाही. ताणा तुटला तर मात्र वस्त्रच उरत नाही.

तिसरी कसोटी अशी की, आपला अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहावा. अनुभवासारखा गुरू नाही असे आपण म्हणतो, परंतु हा गुरू एकटाच शिकवू लागला तर चुकीचेही शिकवितो. एखाद्या व्यापाऱ्याने फसविले म्हणून त्याच्या सबंध जातीचा द्वेष करणे, एखाद्या अधिकाऱ्याने अपमान केला म्हणून साऱ्या राज्यव्यवस्थेस शिव्या देणे, याला अनुभव म्हणत नाहीत. तो आकस होय. बाबासाहेबांच्या टांग्याची गोष्ट त्यांच्या एकट्याची नव्हती. ते ज्या समितीचे सभासद म्हणून फिरत होते, ती तशाच असंख्य गाऱ्हाण्यांची चौकशी करीत होती. म्हणून त्या अनुभवास वजन आले.

चौथी कसोटी उघडपणाची. मत बदलले असेल तर कारणांसह सांगावे. येवल्यात बाबासाहेबांनी जे सांगितले, ते हजारोंच्या समोर सांगितले. आम्ही मात्र चाळीस वर्षे गप्प राहिलो. या कसोटीस आम्ही उतरलो नाही, हे आज कबूल करतो.

तरुणांस एक विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे एखादे मत तुम्हांस पटत नसेल, तर “तुम्हाला काही कळत नाही” असे म्हणण्याऐवजी “दादा, तुम्हाला असे का वाटते?” एवढे विचारून पाहा. बहुधा त्या मतामागे एखादी हकीकत असते. ती कोणी कधी विचारलेलीच नसते. आणि वडीलधाऱ्यांस विनंती अशी की, मुलाने निराळे मत मांडले तर त्याला घराबाहेरची वाट दाखवू नये. तुमचे मत ज्या अनुभवावर उभे आहे, तो अनुभव त्याला आलेला नाही; आणि त्याला आलेला तुम्हांस आलेला नाही. मताच्या पेटीत कोणी काय टाकले, हे गुप्त ठेवण्याचा हक्क घटनेच्या राज्यात प्रत्येकाला आहे. सख्ख्या भावाच्या घरच्या मांडवात जाण्यासाठी ती पेटी उघडून पाहण्याची गरज नाही.

शेवटी त्या विद्यार्थिनीस उत्तर. मुली, खरे गुरुजी कोणते, असे तू विचारलेस. दोघेही खरे. १९८२ चे गुरुजी जे मानीत होते तेच लिहीत होते. ते खोटे बोलत नव्हते, फक्त त्यांनी रांजणाकडे पाहिले नव्हते. आजच्या गुरुजींनी ते पाहिले आहे. तू जे टिपण करीत आहेस, त्यातून तो जुना लेख गाळू नकोस. तो तेथेच असू दे आणि त्याखाली या भाषणाचा उल्लेख कर, म्हणजे पुढच्या पिढीतील एखाद्याला आपले मत बदलण्याची वेळ आली, तर आपल्या समाजात असे पूर्वीही झाले होते, एवढा आधार त्याला सापडेल. आणि उद्या तुझेही एखादे मत अनुभवाने बदलले, तर चाळीस वर्षे थांबू नकोस.